छत्तीसचा आकडा

दिवाळी अंक घरात आला की तो कोण कुठून उघडतो ते एकदा चोरून पाहावे. मोठी मौज असते. साहित्याची गोडी असलेले गृहस्थ अनुक्रमणिका चाळतात, मुले व्यंगचित्रे शोधतात, आणि "आमचा नाही हो असल्या गोष्टींवर विश्वास" असे वर्षभर सांगणाऱ्या काकू अंगठ्याने पाने मागे सारीत सारीत बरोबर वार्षिक राशिभविष्यापाशी येऊन थांबतात. विश्वास नसतो; पण आपल्या राशीला यंदा काय लिहिले आहे हे वाचल्यावाचून चैनही पडत नाही. उद्याचे दार बंद असले तरी फटीतून डोकावून पाहण्याची माणसाची हौस काही केल्या जात नाही.

आपल्याकडे या हौसेच्या सोयीही पुष्कळ. पहाटे येणारा पिंगळा, कुडमुड्या जोशी, फुटपाथवर पिंजऱ्यातून बाहेर येऊन चोचीने पाकीट उचलणारा पोपट, कोकणातल्या देवळात गुरवाने लावलेला कौल, आणि या सर्वांवर कडी म्हणजे जन्मकुंडली. तेव्हा परदेशात जाऊन आणखी एक प्रकार शिकून यावा अशी काही माझी गरज नव्हती. पण २०१८ च्या जानेवारीत लेकीच्या बाळंतपणासाठी मी जर्मनीत न्युरेंबर्गला गेले, आणि तिथल्या लांबलचक, अंधाऱ्या दुपारी खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंच्या टेबलावर मला हे छत्तीस पत्ते भेटले. त्यांना लेनोर्मां पत्ते म्हणतात.

आजीबाई ऐंशीच्या घरातल्या. मी त्यांच्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान. त्यांना थोडेसे इंग्रजी येई, मला जर्मन अजिबात येत नसे. तीन वाजता त्या कॉफी करीत, मी वर केलेली शंकरपाळी वाटीतून खाली नेई. उरलेले बोलणे हाताच्या खुणांनी आणि पुढे पुढे पत्त्यांवरच्या चित्रांनी होऊ लागले.

चित्रे तरी कशी? एखाद्या अंकलिपीतली असावीत तशी. पहिला घोडेस्वार, दुसरे क्लोव्हरचे पान, तिसरे जहाज, चौथे घर, पाचवे झाड, सहावे ढग, सातवा साप, आठवी शवपेटी. पुढे फुलांचा गुच्छ, विळा, चाबूक, पक्षी, मूल, कोल्हा, अस्वल, तारे, करकोचा, कुत्रा, मनोरा, बाग, डोंगर, फाटे फुटलेला रस्ता, उंदीर, हृदय, अंगठी, पुस्तक, पत्र. अठ्ठाविसावा पुरुष, एकोणतिसावी स्त्री. मग लिलीचे फूल, सूर्य, चंद्र, किल्ली, मासे, नांगर, आणि छत्तिसावा क्रूस. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात आपल्या ओळखीचे पानही छापलेले असते. साप म्हणजे किलवरची राणी, पुरुष बदामचा एक्का, स्त्री इस्पिकचा एक्का, सूर्य चौकटचा एक्का. बदाम सात खेळणाऱ्या मला तेवढाच काय तो आधार वाटला.

अर्थही चित्रांइतकेच सरळ. घोडेस्वार बातमी आणतो, पत्र म्हणजे पत्रच किंवा कुठलाही कागद, अंगठी म्हणजे करार किंवा लग्न, मनोरा म्हणजे सरकारी कचेरी किंवा मोठी संस्था, उंदीर म्हणजे कुरतडणारी झीज, डोंगर म्हणजे अडथळा, नांगर म्हणजे स्थैर्य. कुत्रा म्हणजे मित्र. हा अर्थ मात्र आपल्याकडच्या शिव्या ऐकून वाढलेल्या माणसाला क्षणभर थबकवतो. यात गूढ असे काही नाही. एका मध्यमवर्गीय घरात वर्षभरात जे जे घडते आणि ज्याची ज्याची धास्ती वाटते, त्याची ही यादी आहे.

या पत्त्यांचा जन्म न्युरेंबर्गचाच आहे हे कळल्यावर मला अधिकच कुतूहल वाटले. अठराव्या शतकाच्या अखेरीस, १७९९ च्या सुमारास, योहान कास्पर हेख्टेल नावाच्या तिथल्या गृहस्थाने 'आशेचा खेळ' या नावाने छत्तीस पत्त्यांचा एक जोड तयार केला. त्याची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेली आहे. तो मुख्यतः घरात बसून खेळायचा फाशांचा खेळ होता. सहा ओळींत सहा-सहा पत्ते मांडायचे, फासे टाकायचे आणि सोंगटी पुढे न्यायची. जहाजावर सोंगटी पडली की ते तिला पक्ष्यांच्या घरापर्यंत पुढे पोचवी. पस्तिसाव्या घरातल्या नांगरावर जो नेमका थांबेल त्याने डाव जिंकला. त्या एका घराने पुढे गेला की छत्तिसावा क्रूस. ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जाणारा आपला मोक्षपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना यात ओळखीचे पुष्कळ सापडेल. आपली सोंगटी मोक्षाला जाते, त्यांची नांगर टाकून बंदरात थांबते, एवढाच काय तो फरक.

मग लेनोर्मां कोण? ती एक फ्रेंच बाई. मारी आन लेनोर्मां, जन्म १७७२, नॉर्मंडीतल्या आलाँसाँ गावचा. पॅरिसमध्ये एका रस्त्यावर तिने भविष्य सांगण्याचे दुकान थाटले आणि क्रांतीपासून नेपोलियनच्या पडतीपर्यंतच्या धामधुमीत मोठे नाव कमावले. सम्राज्ञी जोसेफीन आपल्याकडे येत असे, असे तिने स्वतःच पुस्तके लिहून जगाला सांगितले. १८०९ साली पोलिसांनी तिला पकडले, तर सुटल्यावर तिने त्याच्यावरही १८१४ साली पुस्तक काढले! १८४३ साली ती वारली. आणि तिच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांत जर्मनीतल्या हुशार प्रकाशकांनी हेख्टेलच्या खेळाची चित्रे घेऊन, फासे काढून टाकून, त्यावर तिचे नाव घालून बाजारात आणले. या जोडावर आपले नाव पडणार आहे हे एवढ्या मोठ्या भविष्यवादिनीला कळले नसावे. मोठ्या माणसाच्या नावाने माल खपवण्याची विद्या कुठल्या एका देशाची नाही.

आता मांडणीकडे वळते. कारण खरी गंमत तिथेच आहे.

एकटा पत्ता फारसा बोलत नाही. दोन पत्ते शेजारी ठेवले की त्यांचा समास होतो. साधारण रीत अशी की पहिला पत्ता मुख्य आणि दुसरा त्याचे विशेषण. 'पत्र' आणि मग 'जहाज' आले तर परदेशचे पत्र. उलट 'जहाज' आणि मग 'पत्र' आले तर कागदपत्रांसाठी करावा लागणारा प्रवास. इथे माझ्या मराठी डोक्याचा सारखा गोंधळ होई. आपल्या तत्पुरुषात मागचे पद प्रधान. राजपुत्र म्हणजे पुत्र, राजा नव्हे. जर्मन भाषेतले जोडशब्दही आपल्यासारखेच चालतात. तरी आजीबाई पत्ते मात्र उलट्या बाजूने वाचीत. "असे का?" म्हणून विचारले तर म्हणाल्या, "माझी आई असेच वाचायची." कुठल्याही शास्त्रात याहून मोठे प्रमाण बहुधा नसते.

तीन पत्त्यांची ओळ म्हणजे एक वाक्य. मधला विषय, अलीकडचा आणि पलीकडचा त्याला दोन्ही बाजूंनी अर्थ देणारे. नऊ पत्त्यांचा चौकोन म्हणजे एक परिच्छेद. मधोमध प्रश्नाचा गाभा; डावा उभा रकाना गेलेल्या गोष्टींचा, मधला चालू गोष्टींचा, उजवा येणाऱ्या गोष्टींचा. वरची ओळ मनात काय आहे ते सांगते, खालची पायाखाली काय आहे ते. रोजच्या किरकोळ शंकांना एवढे पुरते. जावईबापूंची बढती, पार्सल कधी येणार, शेजारणीचे मांजर परत येईल का, हे आजीबाई नऊ पत्त्यांत भागवीत.

मोठी मांडणी छत्तीसही पत्त्यांची. काही लोक आठ-आठच्या चार ओळी आणि खाली उरलेले चार पत्ते ठेवतात. आजीबाई नऊ-नऊच्या चार ओळी मांडीत. विचारणारी बाई असेल तर एकोणतिसावा पत्ता म्हणजे ती; पुरुष असेल तर अठ्ठाविसावा. तो पत्ता कुठे पडला ते आधी शोधायचे. चित्रातल्या बाईचे तोंड ज्या बाजूला, ते पुढचे. पाठ ज्या बाजूला, ते मागचे. डोक्यावरचे पत्ते म्हणजे मनातले विचार, पायाखालचे म्हणजे आपल्या हातातले. जवळचा पत्ता जोराचा, दूरचा मंद. जुन्या पद्धतीत तर अंतरालाच सारे महत्त्व. ढगांची एक बाजू काळी आणि एक उजळ. कुठली बाजू आपल्याकडे आहे ते पाहायचे. पुरुष आणि स्त्री एकमेकांकडे पाठ करून पडले तर घरात बेबनाव. हे ऐकून मी मोठ्याने हसले. छत्तीसच्या आकड्यातले तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ फिरवून बसतात हे मी आजीबाईंना कागदावर मराठी आकडे काढून दाखवले, तेव्हा त्याही हसल्या, आणि तो कागद त्यांनी पत्त्यांच्या डबीत ठेवून दिला.

आणखी एक बारकावा. या छत्तीस जागांनाही छत्तीस नावे आहेत. पहिली जागा घोडेस्वाराची, चौथी घराची, बारावी पक्ष्यांची, अशी क्रमाने. मग कुठला पत्ता कोणाच्या घरात उतरला हे पाहायचे. सप्तमात मंगळ, अष्टमात शनी हे ज्यांना पाठ आहे त्यांना हे सांगायला नको. भाडेकरू आणि घरमालक दोघांचेही ऐकून घ्यायचे, असे आजीबाईंचे म्हणणे.

आजीबाईंचे दोन नियम होते. पहिला, तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नाही. त्याची हकीकत त्यांनी एकदा सांगितली. त्यांचे वडील युद्धात पूर्व आघाडीवर गेले ते बेपत्ता झाले. युद्ध संपले, आणि त्यांची आई रोज रात्री मुलांना निजवून पत्ते मांडू लागली. येईल का? एके दिवशी घोडेस्वार शेजारी पडे, एके दिवशी शवपेटी. बाई एक दिवस हसे, दुसऱ्या दिवशी रडे. एक वर्षभर हे चालले. मग एके दिवशी तिने पत्ते गुंडाळून कपाटावर ठेवले आणि शिवणाची कामे घ्यायला लागली. रशियातून शेवटचे युद्धकैदी १९५५-५६ साली परत आले. त्यांत वडील नव्हते. "पत्ते खोटे नव्हते," आजीबाई म्हणाल्या, "पण आई त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारीत होती. ते तरी काय करणार?" दुसरा नियम त्याहून कडक. आजाराविषयी आणि मृत्यूविषयी पत्त्यांना विचारायचे नाही. "पत्ते नाडी बघत नाहीत. त्याला डॉक्टर."

आणि नेमका तोच प्रश्न घेऊन मी फेब्रुवारीत त्यांच्या दारात उभी राहिले.

झाले होते ते असे. पुण्याहून वन्संचा फोन आला. बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेले की, "दादाची अँजिओग्राफी झाली ना, ती..." आणि त्या एकदम गप्प झाल्या. मग सगळेच बाहेर आले. ह्यांच्या हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या चोंदल्या होत्या. डॉक्टरांनी बायपास करायला सांगितली होती आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यातली तारीख दिली होती. ह्यांनी सगळ्यांना बजावले होते, "तिला कळवू नका, पोरीची वेळ जवळ आली आहे." मी ह्यांना फोन लावला. ते म्हणाले, "इथे माणसांना काय तोटा आहे? तू तिथेच राहा. माझ्यासाठी तिला सोडून आलीस तर मी बोलणार नाही तुझ्याशी." चाळीस वर्षे संसार केलेल्या माणसाच्या आवाजातली भीती फोनवरूनही ऐकू येते. ती मला ऐकू आली.

लेकीचे दिवस मार्चच्या मध्यावर भरत होते. पहिले बाळंतपण. जावईबापूंना सुट्टी मिळणार होती, पण ती बाळ आल्यावर. तिला रक्तदाबाचा थोडा त्रास सुरू झाला होता आणि डॉक्टरीणबाईंनी मनाला ताण नको म्हणून सांगितले होते. तिला सांगावे तर ताण, न सांगावे तर लबाडी. इकडे राहावे तर तिकडे ते एकटे ऑपरेशनच्या टेबलावर. तिकडे जावे तर इकडे ही एकटी, परक्या देशात, परक्या भाषेत. दोन रात्री मी छताकडे बघत काढल्या. तिसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास, शंकरपाळ्यांची वाटी न घेताच, खाली गेले.

मोडक्या इंग्रजीत मी सगळे सांगितले. किती त्यांना कळले देव जाणे. पण 'हज्बंड', 'हार्ट', 'ऑपरेशन' एवढे तर कुठल्याही देशातल्या बाईला कळते. "ते बरे होतील का?" मी विचारले. त्यांनी मान हलवली. तो प्रश्न नाही. "मग मी काय करू? जाऊ की राहू?" पुन्हा मान हलली. पत्ते हुकूम देत नाहीत. मग माझा हात धरून म्हणाल्या, "तुझ्याभोवती काय काय आहे, एवढेच विचार."

त्यांनी पत्ते पिसले, मला कापायला लावले, आणि एकेक करीत चार ओळी मांडल्या. मी काय पाहिले असेल? माझे डोळे आधी शवपेटी शोधू लागले. ती खालच्या ओळीत चौथी होती. ते आजीबाईंच्या लक्षात आले. त्यांनी काही न बोलता त्या पत्त्यावर आपला कॉफीचा कप ठेवला.

मग त्यांनी मला मी दाखवली. दुसऱ्या ओळीत, तिसरी. बारावी जागा, पक्ष्यांची. म्हणजे कलकल, काळजी, फोनवरची बोलणी. माझ्या डोक्यावर बरोबर मूल. पाठीशी घर. तोंडासमोर करकोचा, जो तिकडच्या समजुतीप्रमाणे बाळे घेऊन येतो. आणि पुरुष? तो तिसऱ्या ओळीत, आठवा. माझ्यापासून पाच रकाने दूर. पण तोंड माझ्याकडे. त्याच्या डोक्यावर विळा, म्हणजे काप. पायाखाली मनोरा, मोठी इमारत. आणि तो बसला होता सव्विसाव्या जागेत, पुस्तकाच्या. पुस्तक म्हणजे गुपित. "तो सांगत नाही," आजीबाई म्हणाल्या. मी म्हटले, "चाळीस वर्षे हेच चालले आहे." आमच्या दोघांच्या मध्ये, माझ्याच ओळीत, डोंगर होता.

इतके सगळे माझ्या ओळखीचे होते. एका पत्त्यापाशी मात्र आम्ही दोघी अडलो. मुलाच्या शेजारी, माझ्या कोपऱ्याला लागून, साप. आणि तोही चौथ्या जागेत, म्हणजे घराच्या घरात!

साप म्हटल्यावर माझा चेहरा पडला असणार. आजीबाईंनी घाईने कोपऱ्यातल्या किलवरच्या राणीवर बोट ठेवले. "बाई. मोठी. हुशार. वाईट नाही. सरळ येत नाही, वळणे घेत येते." घरात, मुलाच्या शेजारी, एक वयस्क, हुशार बाई. "कोण?" त्यांनी विचारले.

कोण असणार? माझ्या विहीणबाई!

हे नाव तोपर्यंत कोणाच्याच मनात आले नव्हते, आणि त्याला कारणही होते. पहिले बाळंतपण माहेरचे. ही आपली शेकडो वर्षांची रीत. बाळंतपणाला सासूला बोलावणे म्हणजे माहेरच्यांनी हात वर करणे, असा आपल्याकडे समज. त्यामुळे लेकीने, जावयांनी, ह्यांनी, मी, इतकेच काय खुद्द विहीणबाईंनीही तो विचार केला नव्हता. त्या नाशिकला राहतात. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या आहेत. मागल्या उन्हाळ्यात त्या न्युरेंबर्गला येऊन गेल्या होत्या आणि त्यांचा व्हिसा अजून शिल्लक होता. मी एवढे मोठ्याने मराठीतच बोलत होते. आजीबाईंना एक अक्षर कळत नव्हते. पण त्या मान डोलावीत होत्या, आणि त्यांनी कपात पुन्हा कॉफी ओतली.

त्या रात्री मी लेकीला सगळे सांगितले. तिने मला मध्ये अडवले नाही. माझे संपल्यावर तिने एवढेच विचारले, "बाबांची तारीख कुठली?" आणि लॅपटॉप उघडून विमाने बघायला लागली. विहीणबाईंना फोन केला तो तिनेच. त्या पलीकडून म्हणाल्या, "मी कधीची मनात म्हणत होते, पण विचारावं कसं!" त्यांना तिकीट मिळाले ते मुंबईहून दोहा, दोह्याहून म्युनिक आणि तिथून रेल्वेने. वळणे घेत येणारी बाई! ते ऐकून मला एकटीलाच हसू लोटले.

त्या आल्या, दोन दिवस आम्ही दोघी विहिणी एका स्वयंपाकघरात वावरलो, डिंकाचे लाडू कुणाचे खरे यावर थोडा मतभेद झाला, आणि मी पुण्याला निघाले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी इस्पितळात पोचले तेव्हा हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. वळून पाहिले, आणि बोलणार नाही म्हणालेला माणूस म्हणाला, "आलीस का? बरं झालं." ऑपरेशन नीट पार पडले. त्यानंतर अकरा दिवसांनी नात झाली. तिला मी पहिल्यांदा पाहिले ते फोनच्या काचेवर. ह्यांच्या पलंगाशेजारी बसून, दोघांनी एकदमच. आता ती शाळेत जाते.

आता तुम्ही विचाराल, पत्त्यांनी हे सांगितले का? आमचे जावईबापू इंजिनिअर. पुढच्या खेपेला मी ही हकीकत त्यांना सांगितली तेव्हा ते पेन्सिल घेऊन बसले. छत्तीस पत्ते किती तऱ्हांनी मांडता येतील ती संख्या बेचाळीस अंकी आहे, असे त्यांनी मला आधी ऐकवले. मग म्हणाले, "आई, नऊ-नऊच्या चार ओळींत कुठलाही एक ठरावीक पत्ता तुमच्या पत्त्याला चिकटून पडण्याची शक्यता शंभरात सतरा. ढग, साप, शवपेटी, विळा, चाबूक, डोंगर, उंदीर आणि क्रूस हे आठ जड पत्ते धरले, तर त्यांपैकी एखादा तरी तुमच्या शेजारी असणार, असे दर पाच मांडण्यांत जवळजवळ चार वेळा घडते. यात नवल ते काय?"

गणित बरोबर असणार. त्यांची गणिते चुकत नाहीत. मलाही हे माहीत आहे की त्या दिवशी जुळलेले सात-आठ पत्तेच माझ्या लक्षात राहिले. अस्वल कुठे होते, मासे कुठे होते, क्लोव्हरचे पान कोणाच्या घरात पडले होते, हे आज विचाराल तर सांगता येणार नाही. जुळते ते स्मरणात राहते आणि न जुळते ते वाहून जाते. सगळी भविष्ये याच एका पायावर उभी आहेत. सापाच्या जागी त्या दिवशी अस्वल पडले असते तर विहीणबाई मला सुचल्या असत्या की नाही, कोण जाणे. म्हणून आजाराला डॉक्टर आणि पैशाला बँक हेच खरे, आणि पत्ते मांडून देण्याचे पैसे घेणाऱ्यापासून चार हात दूर राहावे, हे माझे मत आजही कायम आहे. आजीबाई शंकरपाळ्यांखेरीज काही घेत नसत.

तरीही जावईबापूंच्या त्या आकड्याने मला निराळाच विचार सुचला. पाचांत चार वेळा एखादे संकट शेजारी असतेच! अहो, हे तर कुठल्याही चाळीतल्या, कुठल्याही सोसायटीतल्या माणसाला पेन्सिल न घेता सांगता येईल. आणि मोठ्या मांडणीचा मला आवडलेला गुण तोच. तीन पत्ते काढले तर नशिबाने तिन्ही चांगले निघतील, किंवा तिन्ही वाईट. छत्तीस मांडले की निवड संपली. शवपेटी मांडणीत येणारच, आणि सूर्यही येणारच. अंगठी, उंदीर, किल्ली, विळा, मूल, पत्र, सारे टेबलावर हजर. ज्याच्या मांडणीत शवपेटी नाही असा माणूस नाही, आणि ज्याच्यात सूर्य नाही असाही नाही. विचारायचे ते एवढेच की आज कोण जवळ आहे, कोण दूर, आणि ज्याच्यापाशी आपले लक्षच गेले नव्हते असे कोणी कोपऱ्याला लागून बसले आहे का?

आपल्या बायकांना अडचण आली की तिच्यातले दोनच पत्ते दिसतात, आणि त्या दोन्हींना आपण दोन हातांनी धरून बसतो. उरलेले चौतीस कोणीतरी समोर मांडून द्यावे लागतात. ते काम एखादी मैत्रीण करील, एखादा वकील करील, कधी रात्री दोन वाजता कागदावर स्वतःच यादी करूनही होईल. माझ्या बाबतीत ते जिची भाषा मला येत नव्हती अशा एका ऐंशी वर्षांच्या बाईने केले. आणि सर्वांत भयंकर पत्त्यावर कप ठेवून केले. हे दुसरे कोणाला सुचले असते की नाही, याची मला शंका आहे.